विमा रद्द झाला; कळविले कोणाला?

वाहनाचा विमा हा असा करार आहे की ज्याची खरी ओळख अपघाताच्या दिवशीच होते. वर्षभर ते कागद गाडीच्या कप्प्यात किंवा मोबाईलमध्ये पडून असतात. पोलिसाने विचारले तर दाखवायचे, एरवी विसरून जायचे. मग एके दिवशी अपघात होतो, वाहनमालक कागद घेऊन विमा कंपनीकडे जातो आणि उत्तर मिळते : ही पॉलिसी काही महिन्यांपूर्वीच रद्द झाली आहे. का, तर हप्ता जमा झाला नव्हता, किंवा अर्जात माहिती चुकीची होती. आम्हाला कळविले का नाही, असे विचारल्यावर कंपनी सांगते, नोटीस पाठविली होती. मालक म्हणतो, नोटीस मिळालीच नाही. 'पाठविली' आणि 'मिळाली' या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे, त्यातच एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची मिळकत गडप होऊ शकते.

शहरातील वाचकाला हा प्रश्न प्रामुख्याने पैशांचा आणि मनस्तापाचा वाटेल. परंतु त्याचे खरे गांभीर्य समजून घ्यायचे तर बीडसारख्या जिल्ह्याकडे पाहावे लागेल. कारण तेथे वाहन ही चैन नसून उपजीविका आहे, आणि नोटीस ज्या पत्त्यावर जाते त्या पत्त्यावर वर्षातले काही महिने कोणीच नसते.

रस्त्यावर जगणारा जिल्हा

बीड शहराला पहिली प्रवासी रेल्वेगाडी मिळण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. परळी वैजनाथसारखे जुने स्थानक सोडले तर या अकरा तालुक्यांच्या जिल्ह्याचा सगळा व्यवहार आजवर रस्त्यानेच झाला. धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग गेवराई आणि बीडवरून जातो. बाजारपेठ, दवाखाना, कॉलेज, न्यायालय, साखर कारखाना अशा प्रत्येक कामासाठी जीप, पिकअप, ट्रॅक्टर किंवा दुचाकी हाच आधार असतो. रस्त्याने या जिल्ह्याकडून घेतलेली किंमतही मोठी आहे. गोपीनाथ मुंडे यांचे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत आणि विनायक मेटे यांचे १४ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेले अपघाती निधन जिल्हा विसरलेला नाही. ज्यांची नावे वर्तमानपत्रात दोन ओळींपलीकडे जात नाहीत, अशांचे अपघात तर वेगळेच.

त्यातच हंगामी स्थलांतर. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि हंगाम संपल्यावरच परततात. मुकादम आणि वाहतूकदार यांच्यापैकी अनेकांचा ट्रॅक्टर किंवा ट्रक कर्जावर घेतलेला असतो. कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार, त्यापोटी घेतलेली उचल, वाहनाचा कर्जाचा हप्ता आणि विमा अशी ही साखळी आहे. यातील एक कडी तुटली तर बाकीच्याही तुटतात. अपघाताच्या वेळी विमा नव्हता, असे ठरले तर भरपाईचा बोजा थेट मालकावर येतो आणि अशी रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे. कोरडवाहू चार-पाच एकरांच्या मालकाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पीक विम्याने शिकविलेला धडा

बीडमध्ये 'विमा' म्हटले की आधी आठवतो तो पीक विमा. २०२० च्या खरिपात या जिल्ह्यासाठी खासगी विमा कंपन्या पुढे आल्या नाहीत. तेव्हा केंद्राच्या कृषी विमा कंपनीला सोबत घेऊन जी पद्धत अवलंबली गेली, ती पुढे 'बीड पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. त्यात कंपनीचा तोटा जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत मर्यादित होता. त्यापुढचा भार राज्य शासनाने उचलायचा होता. भरपाई कमी द्यावी लागली तर कंपनीने हप्त्याच्या वीस टक्के रक्कम स्वतःकडे ठेवून उरलेली शासनाला परत करायची होती. २०२३ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात पीक विमा दिला. त्यानंतर शासकीय जमिनीवर आणि दुसऱ्याच्या जमिनीवर उतरविलेल्या बोगस विम्यांची प्रकरणे पुढे आली. त्या चर्चेत बीडचे नाव ठळकपणे होते. राज्यात सुमारे चार लाख अर्ज बाद केल्याचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एक रुपयाची योजना बंद करून सुधारित योजना स्वीकारली. खरिपासाठी शेतकऱ्याचा हिस्सा दोन टक्के झाला आणि नुकसानभरपाई पीक कापणी प्रयोगांवर आधारित ठेवण्यात आली. स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक पंचाम्यावर मिळणारे संरक्षण गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार माजविला.

बोगस अर्ज बाद व्हायलाच हवेत, याबद्दल दुमत नाही. शासननिर्णय काढून योजना बदलण्याचा अधिकारही शासनाला आहे. पण शेत पाण्याखाली गेल्यानंतर, गेल्या वर्षी असलेले संरक्षण यंदा नाही, हे ज्याला कळले त्याच्या दृष्टीने तो बदल त्या दिवशीच झाला. निर्णय संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला होता, एवढे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी पुरेसे नाही. संरक्षण काढून घेणाऱ्याने ते काढल्याची बातमी संबंधितापर्यंत पोहोचविली पाहिजे, हे तत्त्व पीक विम्याला जितके लागू आहे तितकेच वाहन विम्यालाही. फरक इतकाच की वाहन विम्याच्या बाबतीत हे तत्त्व नियमांत लिहिलेले आहे.

नियम काय सांगतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या वाहनामुळे ज्यांना इजा होईल त्यांचा विमा सक्तीचा आहे. विम्याशिवाय वाहन चालविल्यास कलम १९६ नुसार पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्या वेळी दंड चार हजार रुपये होतो. तेव्हा पॉलिसी गुपचूप रद्द झाली तर मालकाच्या नकळत त्याच्या हातून रोज गुन्हाही घडत असतो.

२००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमधील प्रमाणित अटींनुसार कंपनीला पॉलिसी रद्द करायची असेल तर विमाधारकाच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर, पाठविल्याची नोंद राहील अशा टपालाने, सात दिवसांची नोटीस द्यावी लागे आणि उरलेल्या मुदतीचा हप्ता प्रमाणशीर परत करावा लागे. मालकाने स्वतः रद्द करायची म्हटले तरी वाहनाचा निदान तृतीय पक्ष विमा अन्यत्र उतरविला आहे, याची खात्री कंपनीने करायची आणि रद्द केल्याचे परिवहन कार्यालयाला कळवायचे, असेही त्यात होते. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ११ जून २०२४ च्या परिपत्रकाने ही चौकट आणखी घट्ट केली. किरकोळ ग्राहकाची पॉलिसी कंपनीला केवळ सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या कारणावरून आणि तेही किमान सात दिवसांची नोटीस देऊनच रद्द करता येईल, असे त्यात म्हटले आहे. ग्राहकाला मात्र कारण न देता कधीही पॉलिसी रद्द करण्याची मुभा आहे.

विमा कायदा, १९३८ मधील कलम ६४ व्हीबी हेही येथे महत्त्वाचे आहे. पॉलिसी रद्द झाल्यामुळे देय असलेला परतावा कंपनीने थेट विमाधारकालाच दिला पाहिजे आणि त्याची पोच घेतली पाहिजे. कोणत्याही परिस्थितीत तो एजंटाच्या खात्यात जमा करता येत नाही. एजंटाने ग्राहकाकडून घेतलेला हप्ता सुट्ट्या वगळून चोवीस तासांच्या आत कंपनीकडे भरला पाहिजे, हेही याच कलमात आहे. याचा सरळ अर्थ असा की नियमाप्रमाणे रद्द झालेल्या पॉलिसीमागे निदान दोन खुणा राहतात : नोटिशीची आणि परताव्याची. या दोन्ही खुणा नसतील तर कंपनीला जाब विचारण्यास भरपूर जागा आहे.

'रद्द झाली' की 'मुळात नव्हतीच'?

मग एवढे स्पष्ट नियम असताना वाद का होतात? कारण प्रत्यक्षात कंपनी अनेकदा 'रद्द केली' असे म्हणतच नाही. 'ती मुळात अस्तित्वातच आली नाही' असे तिचे म्हणणे असते. याचे मूळ पुन्हा ६४ व्हीबी मध्येच आहे. हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज विमा कंपनीने जोखीम स्वीकारू नये, असे हे कलम सांगते. धनादेश न वटणे, ऑनलाइन भरणा अर्धवट राहून पैसे परत फिरणे, एजंटाने रोख घेऊन कंपनीकडे न भरणे, अशा प्रत्येक वेळी विमाधारकाच्या हातात पॉलिसी असते आणि कंपनीच्या हिशेबात हप्ता नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने या पेचावर पंधरा वर्षांत चार वेगवेगळ्या प्रसंगी भाष्य केले आहे. ४ डिसेंबर १९९७ च्या निकालात एका बसच्या विम्याचा प्रश्न होता. नोव्हेंबर १९८९ मध्ये पॉलिसी दिली गेली, धनादेश परत गेला, जानेवारी १९९० मध्ये कंपनीने तसे पत्र पाठविले आणि एप्रिलमध्ये अपघात झाला. मे महिन्यात हप्ता रोख भरला गेला. न्यायालयाने म्हटले की हप्ता हाती येण्याआधी पॉलिसी देऊन कंपनीनेच हा प्रसंग ओढवून घेतला आहे. रस्त्यावरच्या त्रयस्थाचे हित त्यामुळे बुडता कामा नये. कंपनीने त्रयस्थाला भरपाई द्यावी.

२००१ चा निकाल याच्या उलट बाजूचा आहे. डिसेंबर १९९३ मध्ये एका मोटारमालकाने धनादेश देऊन कव्हर नोट घेतली. दहा दिवसांत अपघात होऊन त्याचा मृत्यू झाला आणि गाडीही नष्ट झाली. धनादेश न वटल्याची बँकेची सूचना आली ती त्यानंतर, जानेवारी १९९४ मध्ये. येथे प्रश्न त्रयस्थाचा नसून मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा होता. हप्ताच मिळाला नाही, तेव्हा कंपनीवर करार पाळण्याचे बंधन नाही, असे न्यायालयाने ठरविले.

डिसेंबर २००७ च्या तिसऱ्या प्रकरणात धनादेश परत गेल्यावर कंपनीने नोव्हेंबर १९९७ मध्ये पॉलिसी रद्द करून मालकाला आणि परिवहन कार्यालयाला कळविले होते. अपघात फेब्रुवारी १९९८ मध्ये झाला. कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तरीही आपल्या विशेष अधिकारात कंपनीने आधी पीडितांना रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. चौथा निकाल १७ एप्रिल २०१२ चा. अपघात ११ मे २००४ रोजी झाला होता आणि पॉलिसी रद्द झाली १३ मे रोजी. त्यावेळी न्यायालयाने कसोटी नेमकी सांगितली : धनादेश न वटल्यामुळे कंपनीने पॉलिसी रद्द केली आणि रद्द केल्याची सूचना अपघातापूर्वी विमाधारकापर्यंत पोहोचली असेल, तरच त्रयस्थाबाबतच्या जबाबदारीतून कंपनी सुटते.

या चारही निकालांतून एक सूत्र निघते. त्रयस्थाच्या बाबतीत न्यायालयाने नोटीस 'पाठविणे' पुरेसे मानले नाही. ती 'पोहोचणे' आवश्यक मानले. मालकाच्या स्वतःच्या नुकसानीबाबत मात्र हे संरक्षण नाही. एकाच न वटलेल्या धनादेशाचे दोन वेगळे परिणाम होतात, हे अनेक वाहनमालकांना ठाऊक नसते.

पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि विम्याविषयीचे सुधारित प्रकरण १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. सुधारित कलम १५० मध्ये, कंपनीला न्यायाधिकरणापुढे घेता येतील अशा बचावांत 'कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता मिळाला नाही' हा बचाव स्पष्ट शब्दांत घालण्यात आला. आधीच्या कायद्यात तो असा स्वतंत्रपणे नव्हता. २०१२ च्या निकालाने उभारलेली 'पोहोचण्याची' कसोटी या नव्या शब्दरचनेपुढे किती टिकेल, हा यापुढच्या खटल्यांतील कळीचा मुद्दा राहणार आहे. संसदेने विमा कंपनीचा बचाव लिहून ठेवला, पण त्या बचावासोबत सूचनेची जबाबदारी त्याच कलमात लिहिली नाही. ही उणीव लहान नाही.

नोटीस जाते कुठे?

कागदावरचा 'शेवटचा ज्ञात पत्ता' प्रत्यक्षात कसा असतो, ते पाहण्यासारखे आहे. तालुक्याच्या गावी गाडीचा विमा उतरविणारा बहुतेक वेळा एजंट, शोरूममधला माणूस किंवा परिवहन कार्यालयाबाहेरचा दलाल असतो. अर्ज तोच भरतो. मोबाईल क्रमांकाच्या आणि ई-मेलच्या रकान्यात सोयीसाठी स्वतःचाच क्रमांक टाकतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा संदेश आपल्याकडेच यावा, हा त्यातला व्यावहारिक हेतू. परिणाम असा की हप्ता थकल्याचा, पैसे परत फिरल्याचा, पॉलिसी रद्द होणार असल्याचा प्रत्येक संदेश त्याच्याच फोनवर जातो. हप्ता त्यानेच अडकवून ठेवला असेल तर तो संदेश पुढे जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कर्जावरच्या वाहनाचा विमा अनेकदा वित्त कंपनीमार्फत उतरविला जातो आणि पत्रव्यवहारही तिच्याकडे जातो. जुनी गाडी विकत घेतलेल्याची अवस्था आणखी बिकट. कायद्यानुसार वाहनाच्या हस्तांतरणाबरोबर तृतीय पक्ष विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो आणि त्याने चौदा दिवसांत कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र कंपनीच्या संमतीशिवाय त्याच्याकडे येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच स्पष्ट केले आहे. मधल्या काळात नोटीस निघाली तर ती जुन्या मालकाच्या घरी जाते, आणि गाडी विकून मोकळा झालेला माणूस ती उघडून पाहण्याचे कष्ट घेईलच असे नाही.

आणि टपालाने पाठविलेली नोटीस? कोल्हापूर-सांगलीच्या किंवा बेळगावच्या फडावर गेलेल्या माणसाचे गावातले घर कुलूपबंद असते. पोस्टमन 'घर बंद' असा शेरा मारून पत्र परत पाठवितो. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने धाडलेले पत्र पोहोचले, असे गृहीत धरण्याची मुभा कायद्यात आहे. ते गृहीतक खोडून काढण्याचा भार पत्र न मिळालेल्यावर येतो. जो माणूस ऊस वाहून नेण्यासाठी त्याच ट्रॅक्टरसह तीनशे किलोमीटर दूर होता, त्याने आपण घरी नव्हतो हे सिद्ध करायचे. शहरात हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडते. भाड्याचे घर बदललेले असते, जुना मोबाईल क्रमांक बंद झालेला असतो, ई-मेल जाहिरातींच्या ढिगात जाते. बहुतेक नोटिशी इंग्रजीत असतात, हा अडथळा आणखी वेगळा.

कंपन्यांची बाजू

विमा कंपन्यांचे म्हणणेही डावलून चालणार नाही. हप्ता न भरता जोखीम कंपनीवर टाकणे म्हणजे नियमित हप्ता भरणाऱ्या इतर विमाधारकांच्या पैशातून ती भागविणे होय. मागील कंपनीकडे दावा केलेला असतानाही 'नो क्लेम बोनस' मिळविण्यासाठी तो लपविणारे ग्राहक कमी नाहीत. ही सवलत दावा न केलेल्या वर्षांच्या संख्येनुसार वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे मोह मोठा आहे. व्यावसायिक वापराच्या गाडीला खासगी दाखविणे, नकली पॉलिसी बाळगणे हेही घडते. पीक विम्यातील बोगस अर्जांनी याच प्रवृत्तीचे दर्शन घडविले. पण फसवणूक करणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून नोटिशीची अट ढिली करण्याची गरज नाही. उलट, ज्याने खरोखर फसविले आहे त्याला सात दिवसांची सूचना दिल्याने कंपनीचे काही बिघडत नाही. ज्याने फसविलेले नाही त्याला मात्र त्या सात दिवसांत हप्ता भरून, चूक दुरुस्त करून किंवा दुसरीकडे विमा उतरवून वाचण्याची संधी मिळते. नोटीस म्हणजे कंपनीने दाखविलेले सौजन्य नव्हे. ती विम्याच्या संरक्षणाचाच एक भाग आहे.

काय बदलले पाहिजे?

आजच्या यंत्रणेत हे अवघड नाही. परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीत प्रत्येक गाडीच्या नोंदणीसोबत मालकाचा मोबाईल क्रमांक असतो. पॉलिसी रद्द करण्यापूर्वीची सूचना एजंटाने लिहिलेल्या क्रमांकाबरोबरच या क्रमांकावरही, आणि मराठीत, गेली पाहिजे. टपाल परत आले तर नोटीस बजावली असे न मानता ती दुसऱ्या मार्गाने बजावण्याचे बंधन कंपनीवर हवे. परतावा मालकाच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा झाल्याशिवाय रद्द करणे पूर्ण झाले असे मानू नये. आणि कलम १५० मधील 'हप्ता मिळाला नाही' हा बचाव, सूचना पोहोचल्याचा पुरावा दिल्यावरच घेता येईल, एवढी एक ओळ कायद्यात किंवा नियमांत घातली तर २०१२ च्या निकालाचा आशय टिकून राहील. साखर कारखान्यांनी वाहतुकीचे करार करताना वाहनाची पॉलिसी चालू आहे का, हे कंपनीकडून तपासून घेतले तर हंगामाच्या सुरुवातीलाच कित्येक प्रश्न उघडकीस येतील.

हे बदल होईपर्यंत वाहनमालकाने स्वतःची काळजी घेणे भाग आहे. हप्ता शक्यतो थेट कंपनीच्या खात्यात भरावा आणि पावती जपून ठेवावी. पॉलिसी हाती आल्याबरोबर त्यावर मोबाईल क्रमांक आणि पत्ता कोणाचा आहे, ते पाहावे. दोन-तीन आठवड्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर पॉलिसी चालू असल्याची खात्री करावी. 'एमपरिवहन' ॲपवर विम्याची मुदत दिसते, तथापि केवळ त्या तारखेवर विसंबू नये. धनादेश दिला असेल तर तो वटल्याची नोंद पासबुकात तपासावी. जुनी गाडी घेतली असेल तर चौदा दिवसांची मुदत पाळावी.

त्यानंतरही पॉलिसी रद्द झाल्याचे कळले, तर प्रथम कंपनीकडे लेखी मागणी करावी : रद्द करण्याचे कारण, नोटिशीची प्रत, ती पाठविल्याचा व पोहोचल्याचा पुरावा आणि परताव्याचा तपशील. समाधान न झाल्यास नियामकाच्या 'बीमा भरोसा' व्यवस्थेत किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. पुढची पायरी विमा लोकपालाची. कंपनीकडे तक्रार करून महिना उलटल्यावर तेथे जाता येते, शुल्क नसते, तक्रार ऑनलाइन करता येते आणि २०२३ मध्ये वाढविलेल्या मर्यादेनुसार पन्नास लाख रुपयांपर्यंतचा निवाडा लोकपाल देऊ शकतात. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करण्याची सोय दिली, त्यामुळे मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीविरुद्ध बीडमध्ये दाद मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.

मात्र हे सारे मार्ग अपघात झाल्यानंतरचे आहेत. विम्याचे वचन त्याच्या उलट आहे : संकट येईल तेव्हा तुम्हाला दारोदार फिरावे लागणार नाही. ते वचन मागे घेण्याचा अधिकार कायद्याने कंपनीला मर्यादित स्वरूपात दिला आहे. तो वापरताना समोरच्याच्या दारापर्यंत जाऊन तसे सांगण्याचे कर्तव्यही तिच्याकडेच राहिले पाहिजे. ते दार कुलूपबंद असेल, तर कुलूप पाहून परत फिरणाऱ्या पत्राला सूचना म्हणता येणार नाही.